शांताचा स्वभाव

स्कोफिल्ड्स, १९ जुलै २०२०

चि. सौ. मिताली हिला, कराडच्या पण सध्या सिडनीत अडकून पडलेल्या बाबांकडून भरपूर आशीर्वाद.

‘सौ.’ लिहिताना पेन जरा अडखळलं. मग म्हटलं, मला कुणी काही सांगितलेलं नाही, तेव्हा मी आपण होऊन काही बदलायचं कारण नाही. अतुलला सरळ विचारलं, तुझी बायको टूवूंबाला नोकरीसाठी गेली की घर सोडून गेली? तो म्हणाला, "बाबा, भाजी गरम करू का?" आता हे काय उत्तर झालं?

फोन करत नाही, कारण तुमच्या या नव्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. मी माझ्या खोलीत शिंकलो तर अतुल त्याच्या मीटिंगमध्ये ‘सॉरी’ म्हणतो. म्हणून पत्र. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे, तेवढंच माझं चालणं होतं.

लिहायचं कारण तुझी शांता. ती काल मला चावली. अंगठ्याच्या खाली. रक्त आलं, फार नाही. विषारी नाही हे माहीत आहे, त्यामुळे मी ओरडलो नाही. म्हणजे ओरडलो, पण भीतीने नाही, आश्चर्याने.

तूच मला सांगितलं होतंस, ही इकडची कीलबॅक म्हणजे आपल्या पाणदिवडीची लांबची बहीण. कृष्णेच्या घाटावर दिवडी पाहतच मी मोठा झालो. आपली दिवड एक नंबरची तापट, पण इकडची गरीब. हातात घेतली तर फार तर घाण वास सोडते, दात लावत नाही. म्हणून तर तू हिचं नाव शांता ठेवलंस. तू युनिमध्ये असताना पाळलेल्या सापांच्या स्वभावाचाच अभ्यास केला होतास ना? एकाच वेळच्या अंड्यांतून निघालेली भावंडं, पण एक तापट आणि एक घुमं निघतं, म्हणाली होतीस. मग घुमं असलेलं जनावर अचानक तापट कसं होतं, तेवढं सांग. मी तिचं काय वाकडं केलं? तिची खोली घेतली, एवढंच. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आलो, विमानं बंद झाली आणि पाहुण्याने मुक्कामच ठोकला. तिची काचेची पेटी गॅरेजमध्ये गेली. त्याचा राग असेल का? की तुझाही तोच राग आहे?

एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून माझी नोकरी झाली, तेव्हा चिडलेली माणसं म्हणजे रोजचा रतीब. माझा अनुभव असा, की खिडकीशी येऊन आरडाओरडा करणाऱ्याला गाडीपेक्षा खबर हवी असते. गाडी रद्द म्हणून सांगितलं, की दोन शिव्या हासडतो आणि मुकाट्याने रसवंतीत जाऊन बसतो. इथे मीच खिडकीच्या बाहेर उभा आहे आणि आत कुणी नाही.

थंडी आहे, स्वेटर घाल. बाकी सगळं ठीक.

तुझे बाबा


६ ऑगस्ट २०२०

मिताली, खुशाल अस.

तुझा मेसेज मिळाला. अतुलकडून मोठ्याने वाचून घ्यायची सोय नव्हती, म्हणून भिंग लावून वाचला. "बाबा, आधी हुकने तिला हळूच टॅप करा. हात साबणाने धुवा. घाबरू नका." एवढंच. मी दोन पानं लिहिली होती. तू कशी आहेस, कुठे राहतेस, जेवायला काय करतेस, यातलं काही नाही. असो. पेटीशेजारचा तो साप उचलायचा हुक घेऊन टॅप केलं. शांताने हुकलाही चावा घेतला.

बातम्यांत ऐकलं की तुझ्या टूवूंबाच्या राज्याने, क्वीन्सलंडने, बॉर्डर बंद केली. आता अतुलला उत्तर सापडलं आहे. शेजारच्या लीनाने विचारलं, "मिताली कब आ रही है?" तर म्हणतो, "बॉर्डर क्लोज्ड है ना." तू तर बॉर्डर उघडी होती तेव्हाही येत नव्हतीस. हे मी लीनाला सांगितलं नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. अतुल म्हणतो, शांताला दत्तप्रसादला देऊन टाकू. तो ब्लॅकटाउनचा त्याचा मित्र, अजगरं पाळतो, त्याच्याकडे लायसन्सही आहे. मी म्हटलं, अजिबात नाही, मी आहे ना बघायला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला चावते ती." मी म्हटलं, तुझी आईही मला कधी गोड बोलली नाही, पण मी तिला कुणाला देऊन टाकलं नाही.

तुला खरं सांगू का? सापावर माझं काही प्रेम नाही. पण शांता गेली, तर या घरात तुझं म्हणून काय उरणार? चार साड्या आणि पुरणयंत्र. पुरणयंत्रासाठी कुणी टूवूंबाहून येत नाही. सापासाठी तू येशील. म्हणून ती इथेच राहिली पाहिजे. मी तिला सांभाळतो, चावू दे चावायचं तेवढं.

श्रावण माझा आहे, तिचा नाही, हे लक्षात ठेवून सोमवारी तिचा माशाचा तुकडा देतो. काळजी नको.

बाबा


३० ऑगस्ट २०२०

प्रिय मिताली,

गणपती आले आणि गेले. यंदा आरतीला आम्ही दोघं. मी म्हणायचो, अतुल टाळ वाजवायचा. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हता, पण टाळ मात्र असा बडवत होता, की लीनाचं कुत्रं भुंकायला लागलं.

दत्तप्रसाद दर्शनाला आला होता, मास्क लावून. अतुलने त्याला लगेच गॅरेजमध्ये नेलं. मीही मागोमाग. दत्तप्रसादने पेटीचं दार सरकवलं मात्र, शांताने झेप घेतली आणि त्याच्या मनगटाला धरलं. तो हसला, पण मागे सरला. म्हणाला, "काका, ही तर एकदम अ‍ॅग्रेसिव्ह झालीये. कीलबॅक अशी नसते, मेट. काहीतरी बिनसलंय हिचं."

अतुल म्हणाला, "मग घेऊन जा ना तू."

"नो वरीज, नेतो. पण मितालीला विचारल्याशिवाय नाही. बॉर्डर उघडू दे, ती येऊन बघून हो म्हणाली की त्याच आठवड्यात नेतो."

अतुल ‘ठीक आहे’ म्हणाला. म्हणजे आता बॉर्डर उघडेपर्यंतची मुदत मिळाली आहे. पहिल्यांदा बॉर्डर उघडावी म्हणून देवाला साकडं घालत होतो. आता देवाला काय सांगावं तेच कळत नाही. उघडली तर तू येशील, की शांता जाईल?

शांता दिसायला मात्र छान आहे. अंग भरलंय. हिवाळ्यात खाणं कमी होतं असं तू म्हणाली होतीस, पण हिला दिव्याची ऊब आहे, चांगली खाते. मी फक्त सोमवारीच घालतो हो. फक्त सोमवारी.

अतुलचं एक लिहिणार होतो. राहू दे. मला नीट कळलेलंच नाही, तर तुला काय सांगू?

बाबा


२४ सप्टेंबर २०२०

मिताली,

महिनाभर पोटात ठेवलं, आता राहवत नाही.

गणपतीच्या आठवड्यात एक दिवस दुपारी अतुल म्हणाला, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे, हाक मारू नका." मी बरं म्हटलं. पण त्याच्या खोलीतून काही आवाज नाही. आणि तुला माहीतच आहे या भिंती. मला वाटलं झोपला असेल. मी कपडे वाळत घालायचे चिमटे आणायला गॅरेजमध्ये गेलो, तर आतून बोलण्याचा आवाज. अतुल उलट्या बादलीवर बसला होता, शांताच्या पेटीसमोर. दाराकडे पाठ. हातात माशाचा तुकडा. आणि बोलत होता.

हा पोरगा दिवसभरात माझ्याशी दहा शब्द बोलत नाही ग. आणि तिथे सांगत होता, "आज माझा कोड फसला. सगळ्यांसमोर मॅनेजरने विचारलं, काय झालं. मी काही बोललोच नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, अतुल, तोंड उघड ना."

समोर बसलेल्या प्राण्याला ‘तू असतीस तर’ असं कुणी म्हणतं का? मी पाय न वाजवता परत आलो. कपडे तसेच दोरीवर टाकले, अर्धे उडून लीनाच्या अंगणात गेले.

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. तो रोज जातो. आणि माझ्यासमोर मात्र, "त्या सापाचं काय ते करा एकदा." मला हे कोडं सुटत नाही. ज्याला शांता नको आहे तो रोज तिच्यापाशी का बसतो? आणि बसतो तर तुला एक फोन का करत नाही? टूवूंबा काय चंद्रावर आहे?

तू त्याच्यावर एवढी चिडलेली असलीस तर सांग, मी त्याला चार शब्द सुनावतो. माझ्यावर चिडली असलीस तर तेही सांग, म्हणजे मी निदान स्वतःला सुनावीन.

बाबा


१८ ऑक्टोबर २०२०

चि. मिताली,

तुझा मेसेज वाचला. "बाबा प्लीज, अतुलबद्दल नका लिहू. फक्त शांताबद्दल लिहा." बरं. तुझा शब्द म्हणजे शब्द. या पत्रात फक्त शांता.

शांताने परवा कात टाकली. अख्खी, शेपटीपर्यंत एकसंध. ती कात अतुलने... माफ कर. ती कात या घरातल्या एका माणसाने जपून एका मोठ्या पुस्तकात ठेवली. कुठल्या ते विचारू नकोस, तुझंच आहे.

शुक्रवारी शांताने त्याच माणसाच्या हाताला चावा घेतला. त्या माणसाने हात मागे घेतला नाही. बघत बसला. मी म्हटलं, डेटॉल लाव. तो माणूस म्हणाला, "राहू दे." त्या माणसाने आठवडाभर दाढी केलेली नाही आणि भात खाली लागला तरी तसाच खातो. बाकी शांता मजेत आहे.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे अतुलबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

बाबा


२९ नोव्हेंबर २०२०

मिताली बाळ,

मंगळवारपासून बॉर्डर उघडणार, आणि त्या पाठोपाठ तुझा मेसेज. शनिवारी येतेस. शांताला न्यायला. तिला राज्याबाहेर न्यायचा परवाना मिळाला, दत्तप्रसादला नाही म्हणून कळवलं, वगैरे सगळं वाचलं. तीनदा वाचलं.

मग मी देवापुढे साखर ठेवली. मग लक्षात आलं, की मी साखर कशासाठी ठेवली? तू येतेस म्हणून, की तू तिला घेऊन कायमची जातेस म्हणून? साखर तशीच ठेवली, मुंग्या आल्या.

इतके महिने चावे खात ज्या जनावराला मी सांभाळलं ते तुला इथे आणण्यासाठी. आणलंही तिने. पण तिला घेऊन गेलीस की मग पुढे काय, हा विचार मी केलाच नव्हता. स्वतःला शहाणा समजत होतो, झालं.

अतुलला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा." आणि उठून बाथरूम घासायला लागला. मग किचन. मग खिडक्यांच्या काचा. रविवार अख्खा घासतोय. विचारलं, काय चाललंय? तर म्हणाला, "स्प्रिंग क्लीनिंग, बाबा." वसंत ऋतू उद्या संपतोय इकडचा.

स्टेशनवर कोण येणार घ्यायला हे त्याने विचारलं नाही, मीही बोललो नाही. गाडी मात्र धुतली आहे.

बाबा


१० डिसेंबर २०२०

चि. सौ. मिताली,

तुला वाटेल, तू स्वतःच इथे होतीस, मग मी तुलाच शनिवारची हकीकत का सांगतो आहे? सांगतो, कारण तुझी आमच्याकडे पाठ होती. मी जे पाहिलं ते तुला दिसलं नाही.

तू आल्या आल्या बॅग खाली ठेवलीस आणि थेट गॅरेजमध्ये गेलीस. आम्ही दोघं चोरासारखे मागे. तू पेटीत हात घातलास आणि शांताने तुलाही धरलं. इतका वेळ मला वाटत होतं, ती तुला तरी ओळखेल. वाटलं, आता संपलं, तुला वाटणार तुझ्या लाडक्या जनावराची या बापलेकांनी वाट लावली.

तू ओरडली नाहीस. हात तसाच ठेवलास. ती सोडेना, गिळायलाच बघत होती. तू म्हणालीस, "ही चिडलेली नाहीये. चिडलेला साप चावून लगेच सोडतो. ही जेवायला बघतेय." मग मान न वळवता विचारलंस, "हिला हाताने कोण भरवतं?"

आम्ही दोघांनी आपापले हात पाठीमागे नेले.

"चिमटा कुठंय?"

मी म्हटलं, "ड्रॉवरमध्ये. पण जेवायला बसलेल्याला चिमट्याने वाढायचं, हे मला जमलं नाही ग. आपल्यात घास हाताने भरवतात."

"दर सोमवारी?"

"सोमवारी. आणि गुरुवारी थोडं. ती माझ्याकडे तशी बघायची म्हणून."

"अतुल?"

तो म्हणाला, "वेन्सडेला." मग म्हणाला, "अ‍ॅक्चुअली, मोस्ट डेज."

तू तिचं तोंड हळूच सोडवलंस, तिला हातात तोललंस आणि म्हणालीस, "दुप्पट झालीये ही. दार उघडलं की हात येतो, हात आला की मासा येतो. कुठलाही हात दिसला की ती तोंड टाकणारच. तुम्ही दोघं एका घरात राहता, एकमेकांना एकदाही विचारलं नाही, तू हिला खायला घातलंस का म्हणून?" आणि तू हसायला लागलीस. हसता हसता तुझे खांदे वेगळेच हलायला लागले, तेव्हा मी गॅरेजच्या कपाटाकडे तोंड केलं.

पण त्याआधी मी अतुलकडे पाहिलं होतं. हे तुला सांगायचं होतं. त्याचा हात तुझ्या पाठीपर्यंत आला होता. टेकला नाही. तिथेच हवेत थांबला, परत गेला, पुन्हा आला. एवढा मोठा इंजिनियर, पण हात कुठे ठेवायचा ते त्याला कळत नव्हतं. माझ्या पोटचा पोर आहे, मला त्याची लाज वाटली आणि रडूही आलं.

नंतर स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "बाबा, तुमच्यामुळे मी गेले नाही. तुम्ही होतात म्हणून तर जूनपर्यंत राहिले. मी भांडते, हा गप्प. मी अजून भांडते, हा अजून गप्प. भिंतीशी किती दिवस भांडायचं?" तेव्हा मी नुसती मान हलवली. पण त्या दिवसापासून मला झोप लागते आहे, हे तुला कळावं.

रविवारी तुम्ही निघालात. विमानात सापाला घेत नाहीत, रस्ता दिवसभराचा, एकाने गाडी चालवायची तर दुसऱ्याने पेटीची ऊब बघायची, म्हणून अतुलला जावं लागलं. असं तू म्हणालीस. तोही तसंच म्हणाला. मीही ‘हो, बरोबर आहे’ म्हणालो. दोन शर्ट घेऊन गेला, मंगळवारी परत येतो म्हणाला.

आज गुरुवार. त्याचा मेसेज आला, "लॅपटॉपवर काम होतंय इथून. थांबतो जरा." मी याचा अर्थ लावत बसलेलो नाही. शर्ट मात्र दोनच आहेत, एवढं लक्षात ठेव.

बाबा


२२ डिसेंबर २०२०

चि. अतुल आणि चि. सौ. मिताली,

हे पत्र दोघांना मिळून आहे. एकाने वाचावं आणि दुसऱ्याने ऐकावं.

सिडनीत पुन्हा केसेस निघाल्या आणि क्वीन्सलंडने कालपासून दार लावून घेतलं. अतुल, तुझा रविवारी फोन आला, "बाबा, तुम्ही तिथे एकटे. मी निघू का?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. लीनाला विचारलं. ती म्हणाली, "अंकल, वो वापस आ सकता है, लेकिन आया तो फिर उधर जा नहीं पाएगा." किती दिवस, ते तिलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

मी दोन दिवस विचार केला. एकाहत्तर वय आहे माझं. गाडी चालवता येत नाही. बी.पी.ची गोळी कालची घेतली की नाही, ते आठवत नाही. दूध दोनदा उतू गेलं आणि तो धुराचा भोंगा वाजला, तो बंद करायला लीनाचा नवरा झाडू घेऊन आला. संध्याकाळी या घरात फ्रिजशिवाय कुणी बोलत नाही. हे सगळं मी लिहिणार नव्हतो, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

पण रविवारच्या फोनचंच सांगतो. अतुल, तू ‘निघू का’ म्हणालास, तेव्हा मागून मिताली ओरडली, "अतुल, ओला टॉवेल पुन्हा बेडवर! तुला कितीदा सांगायचं?" मला वाटलं, आता नेहमीसारखा हा गप्प बसणार. आणि तू ओरडलास. "मिताली, मी फोनवर आहे! आणि तो टॉवेल तुझा आहे, माझा नाही!" तीही गप्प बसेना, तूही बसेनास. फोन तुझ्या हातात तसाच राहिला, तू विसरलास. या कानाने मी तुझा एवढा मोठा आवाज तू पाळण्यात होतास तेव्हा ऐकला होता, त्यानंतर नाही.

मी फोन ठेवला नाही. खुर्ची ओढून ऐकत बसलो.

तुमचं जमलं की अजून बिघडलं, मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येत नसेल. मी आता ते विचारणार नाही. पण इकडे कुणी गप्प बसायला परत येऊ नका. लीना भाजी आणून देते, गोळ्यांची डबी तिने वारांची आणली आहे, आणि माझं सगळं ठीक आहे. नाहीये, पण होईल.

अतुल, निघू नकोस. भांडा.

तुमचे
बाबा